आमची थोरली, त्यांची थोरली

आमच्या कोरेगावच्या घरात गाणाऱ्यांचं सुतक पाळलं जायचं. पंचांगात ते कुठं बसत नव्हतं, पण घरात कुणाला त्याचं वावगं वाटलं नाही. २७ ऑगस्ट १९७६ ला मुकेश गेला, तोही इतक्या लांब, अमेरिकेत डेट्रॉइटला, कार्यक्रमांच्या दौऱ्यावर असताना. रेडिओवर बातमी आली आणि आमचा दादा भरल्या ताटावरून उठला. आठवडाभर त्यानं दाढी केली नाही. साताऱ्याच्या कचेरीत कुणी विचारलं तर "घरचं माणूस गेलं" एवढंच सांगायचा, आणि ते खोटं आहे असं आम्हा भावंडांपैकी कुणीही म्हणालं नसतं.

मोहम्मद रफी ३१ जुलै १९८० च्या रात्री गेले. आमच्याकडे ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. बापू, म्हणजे माझा मधला भाऊ, रफीचा भक्त. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक सलून होतं, तिथं आरशाच्या वर रफीचा फोटो लावलेला असे. बापूनं त्याला हार घातला आणि दिवसभर तिथंच बाकावर बसून राहिला. त्या दिवशी सलूनमध्ये कात्री चालली नाही. माणसं येत होती, एखादं गाणं होईस्तोवर बसत होती, मालकाकडं बघून मान हलवत होती आणि उठून जात होती. बाहेर पाऊस लागून राहिला होता. बापू घरी आला तेव्हा आईनं त्याला आंघोळीला पाणी काढून दिलं. मयताहून आलेल्या माणसाला देतात तसं.

किशोरकुमार १३ ऑक्टोबर १९८७ ला गेला तोवर घरात टीव्ही आला होता. किशोर हा आमच्या धाकट्या भावाचा गायक. त्याला शेवटी त्याच्या गावी, खांडव्याला नेलं. आई म्हणाली, "बरं केलं. माणसाला त्याच्या गावाला न्यावं." पुढं २००९ च्या जूनमध्ये मायकेल जॅक्सन गेला तेव्हा दादाच्या मुलानं पुण्याच्या होस्टेलवरून फोन केला आणि काही न बोलता नुसता रडला. दादानं त्याला काही विचारलं नाही. "रड बाळा," म्हणाला. घरात गाणं कुणाचं चालावं याबद्दल पिढ्यांचं पटत नव्हतं, पण गाणारा गेल्यावर कसं वागायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लताचं मात्र वेगळं होतं. ती आमच्या घरात गायिका म्हणून आलीच नव्हती.

आमच्या आईचं माहेर सांगलीचं. तिचं लहानपण तिथं गेलं, १९३० च्या दशकात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ती ही सांगली; नाटकवाल्यांना तिथं मान होता. मास्टर दीनानाथांनी आपली बळवंत संगीत मंडळी घेऊन याच गावात बिऱ्हाड केलं होतं. बोलपट आल्यावर नाटकाला उतार पडला, तेव्हा त्यांनी सिनेमाची कंपनी काढली. ती चालली नाही आणि कर्ज अंगावर आलं. आई तेव्हा लहान. पण दीनानाथांचं नाव निघालं की सांगलीतली मोठी माणसं आवाज कसा खाली आणत, हे तिला पक्कं आठवायचं. लता तिच्याच आगेमागे वाढणारी. त्यामुळं आई तिला ‘लता’ किंवा ‘लतादीदी’ कधी म्हणालीच नाही. "दीनानाथांची थोरली" म्हणायची. रेडिओवर गाणं लागलं की हात पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, "दीनानाथांची थोरली गातीय, आवाज वाढव जरा."

त्या सांगलीच्या घरातली एक गोष्ट लतानं स्वतः पुढं अनेकदा सांगितली आहे. दीनानाथ शिष्याला पुरिया धनाश्रीची तालीम देऊन बाहेर गेले होते. शिष्य म्हणजे चंद्रकांत गोखले. त्यांच्याकडून एक जागा चुकत होती, आणि खेळता खेळता आत आलेल्या त्या एवढ्याशा पोरीनं ती गाऊन दाखवली. दाराशी येऊन थांबलेल्या बापानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी तिला उठवून तंबोऱ्यापुढं बसवलं. ही गोष्ट आईला कुठून कळली कोण जाणे, पण आम्ही ती तिच्याकडून इतक्यांदा ऐकली होती की ते घर आमच्या ओळखीचं झालं होतं.

२४ एप्रिल १९४२ ला दीनानाथ पुण्यात गेले. थोरलीला तेरावं वर्ष चालू होतं. मागं आई, आणि मीना, आशा, उषा, हृदयनाथ. एकूण पाच भावंडं. त्याच वर्षी ती मास्टर विनायकांच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये कामाला उभी राहिली. अभिनय तिला आवडत नव्हता. तोंडाला रंग लावणं, कुणीतरी सांगितलं म्हणून हसणं आणि रडणं, हे तिला कधी रुचलं नाही. तरी कोल्हापुरात आणि पुढं मुंबईत ती ते करत राहिली, कारण घरात पाच ताटं मांडायची होती आणि सहावं आईचं.

आमच्याही घरात आम्ही पाच. आबा, म्हणजे आमचे वडील, सातारा रोडला, धनजीशा कूपर यांनी काढलेल्या कारखान्यात कामाला होते. लोखंडी नांगर आणि इंजिनं बनवणारा तो कारखाना, आमच्या भागातल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटत होती. आबांच्या हाताला कायम लोखंडाचा वास यायचा. साबण लावून जायचा नाही. १९६१ मध्ये ते आजारानं गेले. आमची आक्का तेव्हा पंधरा वर्षांची. तिची शाळा त्याच महिन्यात सुटली.

आईनं गळ्यातलं मोडून शिलाई मशीन घेतलं. माळवदाच्या घरात उजेड फक्त पुढच्या सोप्यात, म्हणून मशीन दाराजवळ ठेवलं होतं. आक्का सकाळी सडा-सारवण झालं की मशीनवर बसायची ती दिवेलागणीपर्यंत. पोलकी, परकर, पोरांच्या चड्ड्या, शाळेचे गणवेश. पेठेतला एक दुकानदार कापड पाठवायचा आणि नगावर पैसे द्यायचा. काज करणं आणि बटणं लावणं आम्हा धाकट्यांकडं. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून सुईत दोरा ओवून द्यायचे. दोऱ्याचं टोक ओठात ओलं करायचं, चिमटीत चपटं करायचं आणि मगच सुईच्या नेढ्याशी न्यायचं, हे आक्कानं शिकवलेलं अजून हातात आहे.

१९६३ मध्ये आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं आणि पुढच्या दिवाळीत आक्कानं शिलाईच्या पैशातून एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला. तो आधी तापायचा, मग बोलायचा. त्याची तांब्याच्या जाळीची एरियल माळवदावर दोन काठ्यांना बांधलेली असायची आणि वारा सुटला की दादाला वर चढावं लागायचं. पोस्टात वर्षाला लायसनचे पैसे भरून पुस्तकावर तिकीट लावून आणायचं. रेडिओ मशीनच्या शेजारच्या कोनाड्यात होता. आक्का गाणं लागलं की पाय थांबवायची नाही, पण ती मशीन हळू चालवते आहे हे सगळ्यांना कळायचं. एकदा आम्ही ‘आपली आवड’ला पोस्टकार्ड टाकलं आणि कितीतरी दिवसांनी निवेदिकेनं कोरेगावहून आम्हा पाचही भावंडांची नावं वाचली. पहिलं आक्काचं. दादानं कार्डावर तसंच क्रमानं लिहिलं होतं. आईनं त्या दिवशी गोड शिरा केला.

दीनानाथांच्या थोरलीबद्दल आई जे सांगायची त्यात एक तबकडीची गोष्ट होती. १९४९ च्या ‘महल’मधलं ते गाणं, ज्यानं तिला देशभर नेलं, त्याच्या पहिल्या तबकड्यांवर गाणारीचं नाव नव्हतं. सिनेमातल्या पात्राचं नाव होतं, ‘कामिनी’. लोकांनी रेडिओला पत्रं पाठवून विचारलं, ही गाणारी कोण, आणि मग खरं नाव लोकांपुढं आलं. आक्का ही गोष्ट ऐकताना खाली बघून हेमिंग करत असे. तिनं शिवलेल्या पोलक्यांवर दुकानदाराचा शिक्का असायचा.

आणखी एक गोष्ट आक्कानं कुठल्याशा साप्ताहिकात वाचली होती. फिल्मफेअरच्या पुरस्कारांत संगीतकाराला बाहुली होती, गाणाऱ्याला नव्हती. ‘चोरी चोरी’च्या संगीताला पुरस्कार मिळाला तेव्हा समारंभात गाण्यासाठी लताला बोलावलं, तर तिनं नकार दिला. गाणाऱ्यांना पुरस्कार नाही, तर मी येऊन गाणार नाही. १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला. आक्कानं हे वाचलं आणि दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुकानदाराचा माणूस कापडाचा गठ्ठा घेऊन आला, तेव्हा तिनं तो उंबऱ्याबाहेरच ठेवायला सांगितला. नगामागं भाव वाढवून द्या, नाहीतर गठ्ठा परत न्या. आई घाबरली होती. गठ्ठा परत गेला. चार दिवसांनी तोच गठ्ठा नव्या भावानं पुन्हा आला.

लताबद्दल लिहिताना लोक स्वर, श्वास, शब्दफेक यांवर लिहितात. ते सगळं खरं आहे, आणि मला त्यातलं जाणकारीनं बोलता येत नाही. पण आमच्या आक्कासारख्या बायका तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर या लिखाणात सहसा सापडत नाही. ती त्यांच्यातली होती. बापामागं घर ओढणारी थोरली. तेव्हाच्या सातारा-सांगलीकडच्या प्रत्येक आळीत अशी एक तरी थोरली होती: कुणी शिवणकाम करणारी, कुणी बालवाडीत शिकवणारी, कुणी रोजगार हमीवर खडी फोडणारी. भावांच्या फिया भरून, बहिणींची लग्नं लावून मग स्वतःकडं वळणारी, किंवा न वळणारी. त्यांना लताचा सा कुठं लागतो हे ठाऊक नव्हतं. ती तेरावं सरायच्या आत कामाला लागली आणि आपलं मोल मागायला शिकली, हे ठाऊक होतं.

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतले सिनेमे यायचे. तिथं आम्ही पाचांनी मिळून ‘साधी माणसं’ बघितला. भालजी पेंढारकरांचा १९६५ चा सिनेमा, लोहार नवरा-बायकोची गोष्ट. थंडी कडाक्याची, खाली जमिनीवर घोंगडं, मागं प्रोजेक्टरची घरघर. जगदीश खेबुडकरांनी लिहिलेलं ऐरणीचं गाणं लागलं आणि आक्का पदर तोंडाला लावून रडायला लागली. आम्हाला वाटलं आबा आठवले. आबाच आठवले असतील. लोखंड आणि घण म्हटल्यावर दुसरं कोण आठवणार. त्या गाण्याला चाल देणारं नाव पडद्यावर आलं होतं ‘आनंदघन’. हा आनंदघन कोण, ते पुढं राज्य पुरस्काराच्या वेळी कळलं. संगीताचा पुरस्कार जाहीर झाला, नाव पुकारलं, कुणी उठेना. मग व्यासपीठावरून सांगावं लागलं की आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लता मंगेशकर. भालजींच्या चित्रपटांना तिनं या नावानं किती अस्सल मराठी मातीतल्या चाली दिल्या! हिंदीतल्या एवढ्या मोठ्या कारकिर्दीपुढं ही चार चित्रपटांची कामगिरी झाकून जाते, आणि ते मला फार लागतं. आमच्या भागातल्या माणसाला विचाराल तर तिचं सगळ्यात आपलं काम ते.

आक्काचं लग्न उशिरा झालं, दादा नोकरीला लागून बापूचं शिक्षण पुरं झाल्यावर. रहिमतपूरला दिली. जाताना ती मशीन घेऊन गेली, रेडिओ मात्र आम्हाला ठेवला. तिथंही तिनं शिवण सोडलं नाही. तिच्या दोन्ही मुली त्याच मशीनवर शिकल्या.

२०१९ मध्ये आई गेली. मग घराचा विषय निघाला. माळवद गळत होतं, भिंतींना फुगवटा आला होता, पाडून बांधायला हवं होतं. कर्ज काढायचं तर उतारा सुटसुटीत हवा, म्हणून वकिलांनी सांगितलं की दोन्ही बहिणींचं हक्कसोडपत्र करून घ्या. आमच्याकडं बहिणी ते देतातच. भाऊ साडीचोळी करतात, बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा किंवा सही करतात आणि माहेर शाबूत राहतं असं धरून चालतात. आम्हा दोघींनाही त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. तारीख ठरली सोमवार, ७ फेब्रुवारी २०२२. त्यासाठी शनिवारीच आम्ही पाचही जण कोरेगावच्या घरात जमलो होतो. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

लता ८ जानेवारीपासून ब्रीच कँडी रुग्णालयात होती, कोविड झाल्यामुळं. शनिवारी, वसंत पंचमीच्या दिवशी, तब्येत पुन्हा बिघडल्याची बातमी आली. रात्री आम्ही टीव्ही बंद केला नाही. रविवारी सकाळी ती गेली. ब्याण्णव वर्षांची होती, तरी दादा म्हणाला, "असं कसं झालं?" आणि कुणाकडंच उत्तर नव्हतं.

त्या दिवशी कोरेगावात काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही, कारण आम्ही घराबाहेर पडलोच नाही. फोन मात्र सारखे वाजत होते. पुण्याहून, मुंबईहून, धाकट्याचा मुलगा परदेशातून, आक्काच्या मुली रहिमतपूर आणि कराडहून. आत्तेभाऊ-मामेबहिणींच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर प्रत्येकजण एकेक गाणं टाकत होता. दुपारनंतर धाकट्यानं फोन बाजूला ठेवला आणि म्हणाला, आता आपण म्हणू. पन्नास वर्षांत आम्ही पाचजण एकत्र गायलो नव्हतो. आवाज गेलेले, दादाला दम लागत होता. आक्काचा स्वर मात्र अजून जागेवर होता. आम्ही तिच्या मागं मागं गेलो.

संध्याकाळी शिवाजी पार्कवरचे अंत्यसंस्कार सगळ्यांनी गप्प बसून पाहिले. शासकीय इतमाम, तिरंगा, पंतप्रधान आलेले, आणि एका बाजूला ती म्हातारी झालेली भावंडं. आक्का एवढंच म्हणाली, "पाचांतली चार राहिली." दिवसभर प्रत्येक वाहिनीवर एक वाक्य फिरून फिरून येत होतं, की वडिलांमागं या मुलीनं भावंडांना वाढवलं. सांगणारे गहिवरून सांगत होते. खाली पट्टीवर दुसरी बातमी आली: राज्य सरकारनं सोमवारी सार्वजनिक सुट्टी जाहीर केली आहे. बापूनं वकिलांना फोन लावला. निबंधकाची कचेरी उद्या बंद.

सोमवारी रथसप्तमी होती. कुणीच गेलं नाही. आक्कानं अंगणात रांगोळीनं सूर्याचा रथ काढला आणि गोवऱ्या पेटवून त्यावर बोळक्यात दूध ठेवलं. ते उतू जायची वाट बघत आम्ही भोवती उभे होतो. दादा म्हणाला, "आक्का, तुझं नाव राहू दे उताऱ्यावर. हिचंही राहू दे."

आक्का दुधाकडंच बघत होती. "आणि बँकेचं?"

"बँकेला पाच सह्या चालतात. मी विचारतो."

"मग हप्ता पण पाच जणांत वाटा," ती म्हणाली. "मला फुकटचं नको."

दादानं मंगळवारी बँकेत जाऊन विचारलं. चालत होतं. आक्कानं आपला वाटा दरमहा रहिमतपूरहून पाठवला, एकही हप्ता चुकवला नाही. घर पुढच्या वर्षी बांधून झालं. उताऱ्यावर पाच नावं आहेत, पहिलं तिचं.